मांडीवर न बसणारं मांजर

परवा भाजी घेताना ओळखीच्या एका वहिनींनी हटकलं. "काय हो, तुमच्याकडे मांजरं असतात ना? एखादं द्या की आम्हाला. पण बघा हं, गोड पाहिजे. माणसाळलेलं, मांडीवर येऊन बसणारं. आणि बोकाच द्या, मांजरी नको. ती मेली दर चार महिन्यांनी बाळंत होते." मी "बघते" म्हणून हसले आणि पुढे झाले. पण ही यादी घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिली. गोड, हसरी, पटकन मिसळणारी... अशी यादी आपण आणखी कुठे ऐकलेली असते, ते मैत्रिणींनो, मी वेगळं सांगायला नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा आम्ही पाच-सहाजणी शाळेतल्या छावणीत पोळी-भाजीची पाकिटं करायला जात होतो. माणसांबरोबर शेळ्या आल्या, कुत्री आली, टोपलीत घातलेली मांजरं आली. पाणी ओसरल्यावर माणसं घरी गेली, पण काही जनावरं तिथंच राहिली. कुणाचं घरच पडलं होतं, कुणाला नेणं जमलं नाही. एका भल्या गृहस्थांनी आपली बंद पडलेली पत्र्याची शेड वापरायला दिली, आणि दोन महिन्यांसाठी म्हणून सुरू केलेलं काम आजतागायत चालू आहे. त्या शेडला आम्ही 'निवारा' म्हणतो, एवढंच काय ते त्याचं नाव. आता तिथं जास्त करून मांजरंच असतात. पोत्यात घालून कुणी तरी फाटकाशी ठेवून जातं. (असं जनावर वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे पोतं ठेवणाऱ्याला माहीत नसतं. माहीत असलं तरी पहाटे पाच वाजता बघतो कोण?)

ठिपकीही अशीच आली. पोत्यातून नव्हे, पण मंडईमागच्या गटारातून. पावसाळ्याचे दिवस होते. वय साडेतीन महिन्यांच्या आसपास, अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग. असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण काळा आणि तांबूस रंग ज्या गुणसूत्रावर ठरतो ते नराकडे एकच असतं आणि मादीकडे दोन. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा आमच्यातली एकजण पटकन म्हणाली, "म्हणजे रंग दिसला की आधीच कळलं, मुलगी आहे!" हसलो सगळ्या, पण ते हसू काही फार खरं नव्हतं.

ठिपकीचं दुखणं वेगळंच होतं. तिला माणसाची भीती वाटायची. मांजराचं पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना जे बघतं, हुंगतं, ज्याचा हात अंगावरून फिरतो, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. तो काळ ठिपकीचा मंडईच्या मागे गेला. तिथं माणूस म्हणजे लाथ, दगड, नाहीतर बादलीभर पाणी. मग साडेतीन महिन्यांच्या पोरीला कुणी सांगावं की बाई, ही माणसं वेगळी आहेत?

आमच्याकडे दर रविवारी सकाळी मांजरं बघायला लोक येतात. मी त्याला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणते. लोक दारातूनच "माऊ, माऊ" करतात, टाळ्या वाजवतात, चुटक्या वाजवतात. जी पिल्लं पळत येऊन साडीच्या निऱ्या ओढतात, त्यांचं त्या दिवशी जमतं. ठिपकी मात्र पहिली चाहूल लागताच कोपऱ्यातल्या खोक्यामागं जाऊन भिंतीला अशी चिकटायची की भिंतीचाच भाग वाटावी. कुणी वाकून बघितलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन नुसत्या काळ्या दिसायच्या. "ही आजारी आहे का हो?" असं लोक विचारायचे. मी म्हणायची, "नाही, लाजते जरा." एक हिवाळा असाच गेला. तिच्यानंतर आलेली किती तरी पिल्लं घरोघरी गेली. तिची शस्त्रक्रिया झाली, लसी झाल्या, आणि ती खोक्यामागंच मोठी झाली.

आता माझी चूक सांगते. एक चांगलं, सुशिक्षित कुटुंब आलं. मुलीचा आठवा वाढदिवस होता, तिला मांजर हवं होतं. मोबाईलमधल्या फोटोत ठिपकी दिसते मोठी देखणी, त्या पोरीनं तिच्यावरच बोट ठेवलं. मला मोह झाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी तिला मागत होतं! मी एवढंच म्हटलं, "तिला जरा वेळ लागेल हं रुळायला." स्थळ बघायला आलेल्यांना 'मुलगी जरा शांत आहे' म्हणून सांगतात ना, तसंच. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पाचव्या दिवशी फोन आला, "ताई, तुमचं मांजर घेऊन जा." चार दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नव्हती, खाल्लं होतं ते रात्री चोरून, गादीवर घाण केली होती. शेवटी मुलांनी काठीनं ढोसून तिला बाहेर काढलं आणि तिनं धाकट्याच्या हातावर ओरबाडलं. मी धावत गेले. आधी त्या पोराचा हात वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुवायला लावला, मग त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. मांजराला लस दिलेली असली तरी ओरखडा, चावा डॉक्टरांना दाखवायचाच, तिथं हळद-चुना करत बसायचं नाही. त्या बाईंनी मला एक शब्द वाईट बोलून दाखवला नाही. फक्त निघताना म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरं नेलं असतं." हे मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

परत आणलेली ठिपकी आधीच्या ठिपकीहून वाईट होती. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मांजराचं हे लक्षात ठेवा, चोवीस तासांच्या वर काहीच खाल्लं नाही तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती पातेल्याशी आली.

त्याच आठवड्यात आमच्या बैठकीत विषय निघाला. एकजण म्हणाली, "तिला सोडून देऊ या ना मंडईत. तिथली चार जगतातच की. एक जागा मोकळी होईल, दुसरं पिल्लू घेता येईल." बोलणारी मैत्रीण दुष्ट नाही, हे आधीच सांगते. रात्री दोन वाजता पिल्लांना ड्रॉपरनं दूध पाजणारी आहे ती. (गाईचं दूध नव्हे हं. त्यानं पिल्लांना जुलाब होतात, पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते.) तिचं म्हणणं हिशोबाचं होतं. आणि रस्त्यावरच वाढलेल्या मोठ्या मांजरांची शस्त्रक्रिया करून त्यांना होतं तिथंच परत सोडणं योग्य, हे आम्हीही मानतो. पण ठिपकी त्यातली राहिली नव्हती. तिला रोज सकाळ-संध्याकाळ वाटीतलं खायची सवय लागलेली. मंडईतल्या जुन्या बोक्यांनी तिला एक दिवस टिकू दिलं नसतं. धड माणसांची नाही, धड रस्त्याची नाही, अशी मधल्यामधे अडकलेली ती. आणि अडकवलं कुणी? आम्हीच ना, तिला उचलून आणून?

मी म्हटलं, "मी नेते घरी. मला तीन महिने द्या."

घरी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. सासूबाईंनी आठवडाभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटच आडवा लावून ठेवला. आमचं घर शाकाहारी. "ती आपल्यात राहील तर वरण-भात खाईल," हे सासूबाईंचं ठाम मत. पण मांजराचं तसं नाही. कुत्रा पोळी-भातावर निभावून नेईल, मांजराला मांसातलंच काही तत्त्व लागतं, टॉरिन म्हणतात त्याला. ते मिळालं नाही तर डोळे जातात, काळीज कमकुवत होतं. शेवटी तडजोड झाली. बाजारातलं तयार खाणं आणायचं, त्याची वाटी वेगळी, घासणी वेगळी, आणि ती वाटी मोरीत नाही तर अंगणातल्या नळावर धुवायची. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी बिनमिठाचं उकडलेलं चिकन दिलं तरी चालेल, पण मीठ, कांदा, लसूण त्यात अजिबात नको. कांदा-लसूण मांजराला विषासारखा.

ठिपकीला मी कोठीच्या खोलीत ठेवलं. भित्र्या मांजराला अख्खं घर मोकळं देणं ही दया नव्हे, त्याला ते मैदानासारखं वाटतं. एक लहान खोली, दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेला एक खोका, वाळूचं घमेलं एका कोपऱ्यात आणि खाणं-पाणी दुसऱ्या कोपऱ्यात, घमेल्यापासून लांब. त्यांना संडासाशेजारी जेवायला आवडत नाही, आपल्याला तरी कुठे आवडतं? लपायची जागा काढून घेतली की मांजर धीट होतं, असं बऱ्याचजणांना वाटतं. उलट होतं. लपायला जागा आहे याची खात्री पटली की मगच ते बाहेर यायला धजतं.

आणि मी काय करायची? काही नाही. रोज दुपारी तासभर तिथं सतरंजी टाकून तिच्याकडे पाठ करून बसायची. गवार निवडायची, लसूण सोलायची, कधी पुरवणी मोठ्यानं वाचायची. तिला हाक नाही, हात लावायचा प्रयत्न नाही. सुरुवातीला हे फार जड गेलं बरं का. आपल्याला बायकांना काही तरी 'करायची' इतकी सवय असते, की नुसतं बसून राहणं म्हणजे पापच वाटतं. एकविसाव्या दिवशी मागं खुट्ट झालं. मी वळले नाही. लसणीच्या सालांचा हुंगण्याचा आवाज आला आणि परत पळण्याचा.

तिच्याकडे बघायचंच झालं तर रोखून नाही. अर्धवट डोळे मिटायचे, उघडायचे, परत हळूच मिटायचे, झोप आल्यासारखं. हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं, मला ते थोतांडच वाटलं. पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास छापला आहे. असे सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी असला तरी त्याच्या जवळ यायला जास्त तयार होतात. दीड महिन्यानं ठिपकीनं माझ्याकडे बघून डोळे मिटले, तेव्हा कोठीत बसून मी एकटीच रडले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, लसूण."

कुणी म्हणेल, लसणीनं कुठे डोळ्यांत पाणी येतं? यांनाही तेच वाटलं असावं, पण बोलले नाहीत.

तीन महिने संपत आले. तिला आमच्याकडे कायम ठेवता येणार नव्हतं. लेकाचं लग्न ठरलेलं, घरात पाहुण्यांची वर्दळ. खरं तर तेवढंच नव्हे, सासूबाईंना आधी दम्याचा त्रास आहे. एकदा वाटलं होतं, निवाऱ्यातच राहू दे जन्मभर. पण मागच्या खेपेच्या चुकीनं मला एक शहाणपण दिलं होतं. यावेळी मी जाहिरात खरी लिहिली. फोटो टाकला, तोही देखणा नव्हे, खोक्यातून अर्धं तोंड दिसणारा. आणि खाली लिहिलं: 'तिरंगी मांजरी, वय साधारण एक वर्ष. शस्त्रक्रिया व लसी झालेल्या. भित्री आहे. मांडीवर बसत नाही, उचललेलं चालत नाही. पहिले काही आठवडे तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. घरात लहान मुलं, कुत्रा, गडबड नसावी. घाई तर मुळीच नसावी.'

गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर ते फिरलं आणि लोकांची चांगली करमणूक झाली. "अशानं कोण नेईल, काकू?" आमच्यातला कॉलेजचा मुलगा म्हणाला. एका गृहस्थांनी तर फोन करून विचारलं, "मग हिचा उपयोग काय?" उंदरांसाठी मांजर हवं असेल तर हा प्रश्न मला समजतो, धान्याच्या कोठाराला मांजर लागतंच. पण यांना उंदीरही नको होते. मी फोन ठेवला आणि दिवसभर तो शब्द चघळत बसले. उपयोग. घरातलं न कमावणारं माणूस, न हसणारी सून, अंथरुणाला खिळलेली आजी, सगळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न मनात येतो, फक्त फोन करून कुणी विचारत नाही.

तरी तीन फोन आले. त्यातला एक सत्तरीच्या एका काकूंचा. जुन्या वाड्यात माडीवर दोन खोल्या, मुलगा परगावी. काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला, खिडकीशी आरामखुर्चीत बसून असतात, बोलणं फार थोडं. काकू म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे फारसं कोणी येत नाही. गडबड कुठून असणार? आणि घाई कशाची आहे आम्हाला?"

आमच्या बैठकीत याला जोरात विरोध झाला. म्हाताऱ्या माणसांना मांजर द्यायचं? घमेलं कोण साफ करणार? उद्या त्यांचंच काही झालं तर? प्रश्न रास्त होते. पण मला विचाराल तर हे प्रश्न आपण फक्त म्हाताऱ्यांनाच विचारतो, हे काही बरोबर नाही. तरुण जोडप्याला कधी विचारतो का, बदली झाली तर काय कराल? सून गरोदर राहिली तर? मांजर परत येण्याचं आमच्याकडचं ते एक मोठं कारण आहे. 'डॉक्टर म्हणाले मांजर काढा.' टॉक्सोप्लाझ्माची भीती खोटी नाही, पण त्याचा संसर्ग कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो. मांजराच्या विष्ठेतले जंतू संसर्गजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून घमेलं रोजच्या रोज साफ करायचं, आणि ते गरोदर बाईनं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी. नवऱ्यानं केलं तर काय बिघडतं? मांजराला पोत्यात घालण्यापेक्षा ते सोपं नाही का?

असो. काकूंबरोबर आम्ही नीट कागद केला. काही अडचण आली तर ठिपकी आमच्याकडेच परत येईल, दुसरीकडे कुठे नाही. खाण्याचा अर्धा खर्च आमचा. घमेलं रोज काकूच काढणार, पण जड वाळू आणून टाकायची आणि घमेलं घासून द्यायचं काम कॉलेजच्या मुलाकडे, दर रविवारी. खिडक्यांना जाळी आधी, मांजर मग. माझी जुनी सुती चादर, जिच्यावर ती झोपायची, ती न धुता तिच्याबरोबर दिली. ओळखीचा वास सोबत असावा म्हणून.

पहिल्या आठवड्यात काकूंचा रोज फोन. "अगं, आहे का गं ती घरात? वाटी रिकामी होते म्हणून समजायचं." पंधरा दिवसांनी त्यांना रात्री पाणी प्यायला उठल्यावर शेपूट दिसलं. मग काही दिवस फोन आला नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवटी मीच लावला. काकू कुजबुजत बोलत होत्या. "तुला मग करते. ती ह्यांच्या पायाशी बसलीये."

विचार केला तर नवल नाही. काका हाक मारत नाहीत, वाकत नाहीत, हात पुढे करत नाहीत. दिवसभर एका जागी असतात. आम्ही सगळ्या धडधाकट बायांनी महिनोन् महिने जे शिकायचा प्रयत्न केला, ते त्यांना आयतंच येत होतं. मांजरामुळे काका बरे झाले वगैरे काही नाही हं, असल्या गोष्टी आपल्याला वाचायला आवडतात म्हणून सांगते. त्यांचा हात होता तसाच आहे. पण तो खुर्चीच्या दांडीवरून खाली सुटलेला असतो, आणि ती आपलं आपण डोकं त्यावर घासून जाते, असं काकू सांगतात.

ह्याला आता चार महिने झाले. गेल्या गुरुवारी मी त्यांच्याकडे गेले होते. ठिपकीसाठी खाण्याचं पाकीट आणि काकूंसाठी घरचं लिंबाचं लोणचं घेऊन. जिन्यावरच माझ्या पावलांचा आवाज झाला असावा. खोलीत गेले तर काकांच्या मांडीवरच्या शालीवर पांढरे, तांबूस केस आणि मधोमध एक गोल खळगा. हात ठेवून बघितला, गरम होता.

मी हळू आवाजात "ठिपके" म्हणून हाक मारली. कपाटामागं काही हललं, बाहेर कोणी आलं नाही. तीन महिने जिच्याशी मी गवार निवडत बसले, ती!

काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "नाही यायची ती. परकं माणूस आलं की ती लपते." काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी सावकाश डोळे मिटले, उघडले, आणि मला चहा घे म्हणून मान हलवली.